वाचकांचे प्रश्न : लग्न, मूल आणि शेवटचा श्वास

या वेळच्या टपालात कुटुंबाविषयीची पत्रे इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवावे लागले. त्यांतली पाच निवडली आहेत. ती थोडक्यात देत आहे, आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा तपशील गाळला किंवा बदलला आहे. मी कॅथलिक धर्मगुरू आहे, काही वर्षे चर्चच्या विवाह न्यायाधिकरणात काम केले आहे आणि चर्चची शिकवण मला मनापासून मान्य आहे. तेव्हा तटस्थ पंचाचा आव मी आणणार नाही. मात्र त्या शिकवणीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न प्रत्येक पत्राच्या वेळी माझ्या मनात येतो, आणि तो मी वाचकांपासून लपवणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये झाले. चार महिन्यांनी समजले की जावयाला बऱ्याच वर्षांपासून गंभीर मानसिक आजार आहे, औषधे चालू होती, आणि त्याच्या घरच्यांनी हे मुद्दाम लपवले होते. औषधे सोडली की तो हात उगारतो. मुलगी वर्षभर माहेरी आहे. शेजारणी म्हणतात, आपल्यात घटस्फोट नाही, तिने परत जावे. काही जण म्हणतात, पैसे भरले की चर्चही लग्न रद्द करते. खरे काय? आणि तिने ख्रिस्तप्रसाद घ्यावा की नाही? (एक आई, वसई परिसर)

उत्तर : ताई, आधी तातडीचे बोलू. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण आहे, आणि थांबण्यातच धोका असेल तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता घर सोडता येते, असे चर्चच्या कायद्याचे 1153 वे कलम सांगते. तुमच्या शेजारणींना ते कलम जरूर वाचून दाखवा. मुलगी माहेरी आली म्हणजे तिने वेदीसमोर दिलेला शब्द मोडला, असे होत नाही.

दुसरी गोष्ट ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेच्या उपासनेत वेदीजवळ रांगेने मिळणाऱ्या पवित्र भाकरीची. केवळ वेगळे राहिल्यामुळे, किंवा कोर्टातून घटस्फोट घेतल्यामुळेसुद्धा, कोणाचाही ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही. अडचण येते ती पहिले लग्न चर्चच्या दृष्टीने कायम असताना दुसरा संसार थाटल्यावर. हा फरक न कळल्यामुळे निरपराध मुली रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तो वेदीवरून स्पष्ट करून न सांगितल्याचा दोष आम्हा धर्मगुरूंकडे जातो. तुमच्या मुलीने पुढच्या रविवारी निःशंक मनाने रांगेत उभे राहावे.

आता मुख्य प्रश्न. ‘चर्च लग्न रद्द करते’ या बोलण्यातच घोटाळा आहे. देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये, हे प्रभू येशूचे शब्द आम्ही अक्षरशः मानतो; स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या दोघांचे वैध आणि शरीरसंबंधाने पूर्णत्वास गेलेले लग्न मृत्यूखेरीज कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही, पोपसुद्धा नाही. न्यायाधिकरण विचारते ते इतकेच की त्या दिवशी लग्न खरोखर लागले होते का. लग्न फादर लावत नाहीत. वधू आणि वर एकमेकांना जी संमती देतात तिने ते लागते, आणि आम्ही फक्त चर्चच्या वतीने ती विचारतो आणि साक्षी राहतो. त्यामुळे संमतीच्या मुळाशी काही खोट असेल, तर उंबराचे पाणी, बँड, मिस्सा, जेवणावळ सगळे यथासांग होऊनही लग्न लागलेले नसते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत दोन कलमांचा विचार होईल. 1983 च्या चर्च-कायद्याच्या संहितेत नव्याने आलेले 1098 वे कलम म्हणते की संमती मिळवण्यासाठी हेतुपुरस्सर फसवणूक केली असेल, आणि ती सहजीवन मुळातून विस्कटून टाकू शकणाऱ्या एखाद्या गोष्टीविषयी असेल, तर ती संमती निरर्थक ठरते. 1095 वे कलम मानसिक कारणांमुळे लग्नाच्या मूलभूत जबाबदाऱ्या पेलण्याची क्षमताच नसल्याविषयी आहे. मात्र एक गोष्ट ठळकपणे सांगतो, मानसिक आजार हा दोष नव्हे आणि नुसत्या आजारामुळे कोणाचे लग्न अवैध ठरत नाही. नियमित उपचार घेऊन उत्तम संसार करणारी जोडपी माझ्या ओळखीची आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने लग्नाआधी जोडीदाराला विश्वासात घेतले होते.

न्यायाधिकरणात माझे काम, एका अर्थी, तुमच्या मुलीसारख्या अर्जदारांच्या विरुद्ध बाजूचे होते. लग्न वैधच आहे, ही बाजू लावून धरणारा एक अधिकारी प्रत्येक प्रकरणात असावा असा नियम पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 1741 साली केला, कारण काही ठिकाणी लग्ने फार सहज अवैध ठरवली जात होती. ते पद माझ्याकडे होते. एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीतून मेडिकलच्या दुकानाची बिले घेऊन आली होती, नवऱ्याच्या कपाटात तळाच्या कागदाखाली सापडलेली. तारखा साखरपुड्याच्या आधीच्या होत्या. घरच्यांनी हे लपवले की सांगायला धजले नाहीत, मुलाला स्वतःला आजाराचे नाव ठाऊक होते का, आधी कळते तर तिने खरोखर नकार दिला असता का, असे प्रश्न मला विचारावे लागले, आणि प्रत्येक प्रश्नागणिक ती पिशवी तिच्या हातात अधिकच चुरगळत गेली. हे प्रश्न निष्ठुर वाटतात. पण तेच प्रश्न विचारून झाल्यावर मिळालेल्या निर्णयाला वजन असते, आणि ‘पैसे भरले की होते’ या कुजबुजीला तेवढेच उत्तर आहे.

पैशांचे म्हणाल, तर 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया पुष्कळ सोपी केली. पूर्वी दोन न्यायाधिकरणांचे एकसारखे निर्णय लागत, आता एक पुरतो. आणि काम करणाऱ्यांचा रास्त मेहनताना वगळता ती शक्यतो विनामूल्य असावी असेही त्यांनी सांगितले. खर्च झेपत नसेल तर तसे अर्जातच लिहा, लाजू नका.

शेवटी सरकारी कायदा. चर्चच्या निर्णयाने कायद्याच्या नजरेतले लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली आणि पुन्हा 2017 साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे कोर्टातही जावेच लागेल, नाहीतर पुढे मुलीने दुसरे लग्न केल्यास द्विविवाहविरोधी कलम तिच्यावरच उलटेल. या वाटेवर आपल्या बायकांना किती काळ ताटकळत ठेवले गेले, तेही ठाऊक असू द्या. 1869 च्या कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली हा भेद मोडला आणि 2001 साली संसदेने कायदा सुधारला, तेव्हा कुठे परस्पर संमतीचा मार्गही खुला झाला. गोव्यातील वाचकांसाठी हे लागू नाही, तिथला कायदा वेगळा आहे.

आणि एक सूचना, जी मी विवाहपूर्व वर्गात दरवेळी करतो आणि जी पालकांना दरवेळी आवडत नाही. स्नानसंस्काराचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा म्हणून आपण धावपळ करतो. मुला-मुलीने एकमेकांच्या आजाराची, कर्जाची आणि आधीच्या नात्यांची माहिती समोरासमोर बसून घ्यावी, यासाठी मात्र एक संध्याकाळही काढत नाही.

प्रश्न : आम्ही प्रोटेस्टंट आहोत, माझी मावसबहीण लग्न होऊन कॅथलिक झाली. आमचे पाळक म्हणतात की नवरा-बायकोने विचारपूर्वक संततिनियमन करण्यात पाप नाही, तिचे फादर म्हणतात की कृत्रिम साधने वापरू नयेत. बायबल एकच असताना असे कसे? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : फाटा फुटला तो अलीकडे, 1930 साली. तोपर्यंत बहुतेक सर्व चर्च या बाबतीत एका सुरात बोलत होती. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गमावली, ते महाविद्यालय तर कॅथलिक नव्हे, स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनचे होते. 1930 मध्ये अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही मर्यादा घालून साधनांना वाट मोकळी केली, त्याच वर्षाच्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी ती नाकारली, आणि 25 जुलै 1968 रोजी पोप सहावे पॉल यांनी, त्यांनीच विस्तारलेल्या सल्लागार मंडळाच्या बहुमताचा कल बदलाकडे असतानाही, पत्र काढून जुनी शिकवण कायम ठेवली. तिचा गाभा असा की पती-पत्नीचे मीलन प्रेमासाठी आणि जीवनदानासाठी एकाच वेळी असते, आणि या दोन अर्थांची माणसाने हेतुपुरस्सर फारकत करू नये. मुले किती असावीत याचा विचारच करू नये, असे चर्च म्हणत नाही. पाळीच्या चक्रातील सुपीक दिवस ओळखून संयम पाळण्याची पद्धत ती शिकवते.

कित्येक कॅथलिक जोडपी हे पाळत नाहीत, हे मला पापनिवेदनाच्या खुर्चीत न बसताही समजते, घरांतली मुले मोजली की पुरे. तुमच्या बहिणीला सांगा की ती शिकवण आधी पूर्ण समजून घ्यावी, नवऱ्यालाही सोबत बसवावे, कारण संयमाची पद्धत एकट्या बाईने पाळायची नसते. आणि तुमच्या दोन कुटुंबांतला मतभेद जेवणाच्या ताटावर आणू नये.

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. डॉक्टरांनी आयव्हीएफ सुचवले आहे. नवरा तयार आहे. माझे मन कचरते, कारण फादरांनी एकदा ते चुकीचे असल्याचे सांगितले होते. पण माझ्या नणंदेचा मुलगा तसाच झालेला आहे, तो काय पापाचे फळ आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. तो मुलगा देवाचे लेकरू आहे, त्याच्या स्नानसंस्काराच्या वेळी घंटा इतर कोणाहून हळू वाजवायची नसते, आणि त्याच्याविषयी असे शब्द कोणी काढले असतील तर त्यांनी त्याची आणि त्याच्या आईची क्षमा मागावी. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये 25 जुलै 1978 रोजी जन्मले. वर सांगितलेल्या 1968 च्या पत्राला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी. तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल असलेले आणि महिनाभरात पोप पहिले जॉन पॉल झालेले आल्बिनो लुचानी यांनी तंत्राविषयीची चर्चची शंका कायम ठेवून त्या मुलीला शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आईबापांना दोषी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे म्हटले. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

तंत्राविषयी मात्र शिकवण स्पष्ट आहे, आणि ती 1987 साली रोमहून आलेल्या दस्तऐवजात सविस्तर मांडलेली आहे. बंद नलिका शस्त्रक्रियेने उघडणे, संप्रेरकांचे उपचार, नवऱ्याच्या दोषावरील उपचार हे सर्व चालते, कारण तिथे वैद्यक पती-पत्नीच्या मीलनाला मदत करते. आयव्हीएफमध्ये ते त्या मीलनाची जागा घेते. मूल दोघांच्या मिठीतून न येता काचेच्या बशीत, तिसऱ्याच्या हातून, दर्जा तपासून घडवले जाते, ही पहिली हरकत. दुसरी हरकत मला अधिक जड वाटते. या उपचारात साधारणपणे अनेक बीजे काढून अनेक भ्रूण तयार केले जातात, त्यांतले एक-दोन गर्भाशयात सोडतात आणि उरलेले गोठवतात. 2021 च्या भारतीय कायद्यानुसार गोठवलेले भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. पुढे ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. माणूस गर्भधारणेपासून माणूस असतो असे जो मानतो, त्याच्यासाठी ती नळी म्हणजे त्याच्या मुलांचे कुलूपबंद घर आहे. मूल हवे ही इच्छा पवित्र आहे, मूल हा मात्र आपला हक्क नसतो, ते आपल्याला दिलेले असते.

हे वाचताना तुम्हाला कसे वाटेल, याची मला कल्पना आहे. बारशाच्या आमंत्रणाला ‘तब्येत बरी नाही’ म्हणणाऱ्या, आणि आईवडिलांच्या दिवशी वेदीवरून फुले वाटली जात असताना पायांकडे पाहणाऱ्या स्त्रिया प्रत्येक धर्मग्रामात असतात, आणि ‘काही गोड बातमी?’ असे विचारणारे त्यांना तिथेच गाठतात. तुम्हाला ‘नाही’ सांगण्याआधी त्या लोकांना गप्प बसवणे हे आमचे काम होते.

दत्तक घेण्याचा विचार अजून केला नसेल तर करा, पण दुःखावरचा उतारा म्हणून नव्हे. ज्या मुलाला घर नाही त्याला घर हवे म्हणून. आपल्या आधीच्या पिढीला कायदाच आडवा येई. हिंदूंप्रमाणे ख्रिस्ती जोडप्यांना पूर्ण दत्तकविधानाची सोय नव्हती, 1890 च्या कायद्याखाली नुसते पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की तेही कागदावर संपे. बाल न्याय कायद्यात 2006 साली झालेल्या सुधारणेपासून धर्म कोणताही असो, दत्तक मूल सर्व अर्थांनी स्वतःचे मूल ठरते. नोंदणी केंद्रीय दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावर होते आणि अंतिम आदेश आता जिल्हाधिकारी देतात. प्रतीक्षा लांब असते, तेव्हा उशीर न करता नाव नोंदवा.

प्रश्न : दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा दिवस गेले. सासूबाई आणि नवऱ्याने कुठून तरी तपासणी करवून आणली आणि मला गर्भ पाडायला लावला. बावीस वर्षे झाली. मी कुमसारात (पापनिवेदनात) कधीच सांगितले नाही. असे ऐकले आहे की हे पाप फक्त बिशप माफ करू शकतात आणि अशी बाई चर्चबाहेर गेलेली असते. (नाव-गाव नाही)

उत्तर : माझ्या बहिणी, तुमच्या पत्रावर शिक्का मुंबईचा आहे, एवढेच मला दिसते, आणि तेवढे पुरे आहे. उद्या सकाळी कोणत्याही चर्चमध्ये, ओळखीचे फादर नको असतील तर तीन स्टेशने पलीकडच्या चर्चमध्ये, कुमसाराला जा. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये जगातील प्रत्येक धर्मगुरूला कायमचा दिला आहे.

बहिष्काराचे तुम्ही ऐकले ते निराधार नाही, पण अर्धवट आहे. गर्भपात घडवून आणणाऱ्याला आपोआप लागू होणारी बहिष्काराची शिक्षा चर्चच्या कायद्यात आहे. परंतु ज्या व्यक्तीने गंभीर भीतीपोटी तसे केले, किंवा अशी शिक्षा असते हे जिला तिच्या दोषाविना ठाऊकच नव्हते, तिला ती आपोआप लागत नाही, असेही तोच कायदा म्हणतो. तुमच्या पत्रातल्या ‘लावला’ या क्रियापदाकडे मी तीनदा पाहिले. ज्यांच्याशिवाय ते घडले नसते त्या साथीदारांनाही हीच शिक्षा सांगितलेली आहे, हे मात्र आमच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. बोट नेहमी बाईकडे. सरकारी कायद्यानेही ती तपासणी गुन्हाच होती. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, 1988 साली केला, आणि 1994 साली तो देशभर झाला. तरीही सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाने पेढा म्हटले की बर्फी, यावरून घरात दिवा लागायचा की विझायचा ते ठरत राहिले, आणि त्या घरांत क्रूस टांगलेली घरेही होती.

चर्च गर्भपाताला विरोध करते आणि करत राहील. 1971 चा कायदा आणि त्यातील 2021 ची सुधारणा काय परवानगी देते, याने तो बदलणार नाही. पण विरोधाची परीक्षा कुठे होते, हे मला पुण्याच्या एका जुन्या उदाहरणावरून कळते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते स्वतःच्या घरी. फसवल्या गेलेल्या गर्भवती विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे. आणि त्यांतल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी कृपासदन चालवले. मूल मारू नका म्हणणाऱ्यांनी दार उघडे ठेवले होते. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या दारावर थाप मारली असती, तर आम्ही तुमच्या सासूबाईंना समजवायला आलो असतो का, की ‘घरातले घरात मिटवा’ म्हटले असते? मला उत्तराची खात्री देता येत नाही, आणि म्हणून तुमच्या कुमसारात थोडा वाटा आमचाही आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1995 च्या आपल्या पत्रात गर्भपात केलेल्या स्त्रियांशी थेट संवाद साधला आहे. खचून जाऊ नका, आशा सोडू नका, असे ते त्यांना सांगतात. तुमच्या मनात त्या बाळाचे नाव असेल. असेल तर 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी, आपल्या माणसांची नावे मिस्सेसाठी दिली जातात तेव्हा, तेही चिठ्ठीवर लिहा. पुढे काही खुलासा द्यायची गरज नाही.

प्रश्न : वडील 81 वर्षांचे, फुप्फुसांचा आजार शेवटच्या टप्प्यात. डॉक्टर विचारतात, पुढच्या वेळी श्वास अडला तर व्हेंटिलेटरवर घ्यायचे का? आयुष्याचे मोल शिकवणाऱ्या धर्मात ‘नको’ म्हणणे म्हणजे वडिलांना मारणेच नव्हे का? थोरला भाऊ दुबईहून ‘सगळे करा’ म्हणतो. (एक मुलगा, पुणे)

उत्तर : नव्हे. मारणे आणि मरण येऊ देणे यांत चर्चने नेहमी फरक केला आहे. पोप बारावे पायस यांनी 24 नोव्हेंबर 1957 रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना, व्हेंटिलेटर अजून नवखा असतानाच, सांगितले होते की जीव राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे बंधनकारक आहे, असाधारण ओझ्याचे उपाय बंधनकारक नाहीत. कोणता उपाय कोणत्या बाजूला जातो, हे यंत्रावर लिहिलेले नसते. न्यूमोनिया झालेल्या चाळिशीच्या माणसाला चार दिवस व्हेंटिलेटर लावणे हे साधे कर्तव्य असेल. ज्या फुप्फुसांना आता सुधारायचेच नाही त्यांच्यासाठी तेच यंत्र केवळ मरण लांबवणारे ठरू शकते. पोप दुसरे जॉन पॉल स्वतः फेब्रुवारी 2005 मध्ये श्वासासाठी घशात छिद्र करून घेण्यास तयार झाले, आणि त्यानंतर महिन्याभराने प्रकृती ढासळली तेव्हा पुन्हा इस्पितळात न जाता आपल्या खोलीतच राहिले. दोन्ही निर्णय त्याच माणसाचे, त्याच श्रद्धेतून घेतलेले.

जे कधीच चालणार नाही ते म्हणजे जीव घेण्याच्या हेतूने दिलेले इंजेक्शन, आणि शरीर स्वीकारत असताना अन्नपाणी तोडणे. धाप आणि वेदना कमी करण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे आखडले तरी, हेतू वेदनाशमनाचा असेल तर, ते पाप नाही. कित्येक कुटुंबे मॉर्फीनला उगाच घाबरतात.

अन्नपाणी आणि शुश्रूषा म्हणजे काय, हे महाराष्ट्राला परळच्या केईएम रुग्णालयाने दाखवले. नोव्हेंबर 1973 मधील हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या पिढीतल्या परिचारिकांनी, 18 मे 2015 पर्यंत भरवले, पुसले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत अंगावर एक शय्याव्रण नव्हता, याची नोंद झाली. त्यांचे अन्न थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा या परिचारिकांनी विरोध केला आणि 2011 साली ती फेटाळली गेली. अरुणाताईंना कोणतेही यंत्र लावलेले नव्हते, तुमच्या वडिलांपुढचा प्रश्न यंत्राचा आहे, ही दोन प्रकरणे एकमेकांत मिसळू नका.

त्याच 2011 च्या निकालाने यंत्राचा आधार काढण्याला ठरावीक मर्यादेत मान्यता दिली, 9 मार्च 2018 च्या निकालाने माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही पुरते. वडील शुद्धीवर आहेत, तर प्रश्न डॉक्टरांनी तुम्हाला आणि तुम्ही मला विचारण्याआधी त्यांनाच विचारायला हवा. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या मरणाविषयी त्याच्याखेरीज सगळे बोलतात.

थोरल्या भावाला फोनवर पटवू नका. दूर असलेल्याला ‘सगळे करा’ म्हणण्यावाचून प्रेम दाखवायला दुसरी जागा उरत नाही. त्याला चार दिवसांसाठी बोलवा, आणि रात्रीच्या पाळीला वडिलांजवळ एकट्याला बसू द्या. फादरांना शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका, आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार वडील बोलू शकतात तोवरच व्हावा. तोंडाने श्वास घेणाऱ्याचे ओठ आणि जीभ फार कोरडी पडते. स्वच्छ कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, पिळून, दर अर्ध्या तासाने ओठांवरून फिरवावा लागतो. नर्सबाई तो कसा धरायचा ते दाखवतील, भावालाही शिकून घेऊ द्या.